ताजा कलम

पहिला आठवडा आम्ही त्याला ‘बस’ शिकवलं.
भुट्टा हुशार. तिसऱ्या दिवशी बसला
आणि मग बसतच सुटला.
चौरसियाजी चहाला आले,
"बस भाभीजी, इतनीही शक्कर." हा बसला.
हे फोनवर कडाडले, "बस झालं आता!"
हा बसला, कान पाडून, गुन्हा कबूल असल्यासारखा.
समोरच्या पोराची भोपाळची बस चुकली,
हा रस्त्याच्या मधोमध बसला
आणि मागून रिक्षावाला, "भिया, हटाओ यार इसको!"

‘ये’चं तर विचारूच नका.
इथे निम्मी वाक्यं ‘ये’नं सुरू होतात.
ये कितने का, ये किसका, ये क्या हो रिया है.
बिचारा दिवसभर येत होता,
कुणी बोलावलेलं नसताना.

विजयनगरहून सोलंकी सर आले, शिट्टी गळ्यात,
तासाचे सहाशे.
म्हणाले, शब्द असा घ्या जो कानावर पडत नाही.
गमतीचा घ्या. उच्चारताना तुम्हालाच हसू यावं,
हसऱ्या आवाजाकडे कुत्रा धावतो.
हे म्हणाले, जिलबी.
मी म्हटलं, रामबागेत? सकाळी सातला?

दुपारी कपाटातून आप्पांची पोस्टकार्डं निघाली,
बऱ्हाणपूरची,
रबरबँड वितळून कार्डांना चिकटलेला.
शब्द तिथे होते.
रिकामे बसलेले, पेन्शनीत निघालेले, पण धडधाकट.

सनविवि म्हणजे पंजा दे.
साष्टांग म्हणजे आडवा हो. हे त्याला एका दिवसात जमलं,
आप्पांना इतका मनापासून कुणी घातला नसेल.
तूर्तास म्हणजे थांब, हलू नकोस
(हे म्हणताना यांचा आवाज अजून वकिली होतो).
क्षेम म्हणजे बस.
कळावे म्हणजे झालं, सुटलास, पळ.
‘लोभ असावा’ मी शिकवलंच नाही.
एकदा बिस्कीट संपलं, मी आपली सहज म्हणाले,
त्यानं मान माझ्या मांडीवर टाकली. राहिलं ते.

उरलं ‘ये’. तिथे मी दोन दिवस अडले.
आप्पा कार्डभर हवा लिहीत, भाव लिहीत,
केळीवर पडलेला रोग, कुणाचं जुळलं, कुणाचं मोडलं.
खरं काय ते जागा संपल्यावर,
समासात, उभं, मुंगीच्या अक्षरात:
ता. क. तुझी छत्री इथेच राहिली आहे.
आई ती रोज उघडून बघते. न्यायला ये.

रंगपंचमीला कुणीतरी फाटक उघडं टाकलं.
गेरचे ढोल, तोफेतून उडणारा रंग,
इमली बाजारापर्यंत माणसंच माणसं,
सगळी एका रंगाची, कुत्रीसुद्धा.
हसऱ्या आवाजात, म्हणाले होते सर.
कुठून आणू?
"ताजा कलम!" मी ओरडले.
एक ढोलवाला थांबला.
"पेन बेच रिये हो क्या, आंटी?"
"ताजा कलम! ताजा कलम!"
आता दोघं-तिघं पोरंही ओरडू लागली,
ढोलावर ठेका बसला त्याचा,
आणि मला, काय सांगू, हसू फुटलं.

टँकरखालून एक हिरवं कुत्रं निघालं.
एक कान जांभळा.
हा आपला की कुणाचा, मी बघतच होते,
तर त्यानं न सांगता पंजा पुढे केला.

घरी आणून पायपुसण्यावर उभा केला.
तूर्तास, म्हटलं, पाणी तापेपर्यंत.
मग यांनी टॉवेल शोधला, मग चौरसियाजी आले,
मग शक्कर, मग सगळी हकिकत दोनदा.
अंघोळ राहिलीच.
रात्री दिवा मालवायला गेले
तर तो तिथेच, हिरवा, जागा,
माझ्या तोंडाकडे बघत.

‘कळावे’ म्हणायचं राहिलं होतं.
म्हणाले. पण लगेच नाही.